फोनमध्ये खरखर आणि ब्रॉडबँड परत परत स्लो: लाईनचा नॉईज कसा पकडायचा

राऊटर बंद करून चालू केला की नेट थोडे दिवस नीट चालतं आणि मग परत तेच, पेज अर्धवट लोड होऊन थांबतं, व्हिडिओ नुसता फिरत राहतो, राऊटरवरचा डीएसएलचा (म्हणजे तांब्याच्या फोनलाईनवरून येणाऱ्या नेटचा) लाईट मधेच लुकलुकायला लागतो आणि पाच मिनिटांनी आपोआप सगळं सुरू पण होतं. ज्यांचं ब्रॉडबँड अजून तांब्याच्या फोनलाईनवरून येतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. फायबरवाल्यांना यातलं काही लागू नाही, काचेच्या तारेतून प्रकाश जातो, त्यात ही खरखर शिरत नाही.

सेटिंग बदलणं, डीएनएस बदलणं, राऊटर फॅक्टरी रिसेट करणं हे सगळं नंतर. आधी फोन उचला आणि ऐका. वायरवाला साधा फोन घ्या, कॉर्डलेस नको, कारण कॉर्डलेसचा स्वतःचा रेडिओचा आवाज त्यात मिसळतो आणि मग खरखर लाईनची का हँडसेटची तेच कळत नाही. डायल टोन आला की कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे टोन जाईल, आणि मग अर्धा मिनिट कान लावून शांतपणे ऐका. लाईन चांगली असेल तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कडकड, खरखर, मधेच टिक टिक असं येत असेल तर कुठेतरी जॉइंट सैल आहे, गंजलाय किंवा त्यात पाणी शिरलंय. सतत घूं असा जाड आवाज असेल तर दोन तारांपैकी एक कुठेतरी ओलाव्यातून जमिनीला लागतेय किंवा दोन्ही तारांचा बॅलन्स गेलाय, म्हणून मेन्सच्या विजेचा हम आत येतोय. दुसऱ्याचं बोलणं पुसट ऐकू येत असेल तर केबलमध्येच इन्सुलेशन गेलंय किंवा पाणी भरलंय, ते घरातून सुटणारं काम नाही. आणि बारीक, एकसारखा फस्स असा आवाज जो राऊटरचा प्लग काढल्यावर लगेच बंद होतो, तो लाईनचा दोष नाहीच, तुमच्या फोनला फिल्टर (नेटचा सिग्नल फोनपासून वेगळा ठेवणारी छोटी डबी) नाहीये किंवा फिल्टर मेलाय.

अजून एक प्रकार असतो जो बघून लोक पार गोंधळतात. फोन पूर्ण डेड, डायल टोन नाही, पण नेट चालू, फक्त रडत रडत. हे शक्य आहे. दोन तारांपैकी एक तुटली तरी डीएसएलचे वरच्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल तुटलेल्या जागेतून थोडेफार पलीकडे जातात आणि मोडेम (राऊटरमधला लाईनशी बोलणारा भाग) अगदी कमी स्पीडवर का होईना सिंक होतो, म्हणजे एक्स्चेंजशी जोडला जातो. म्हणजे नेट चालतंय म्हणून लाईन ठीक आहे असं समजू नका, आधी डायल टोन बघा.

आता कोणी म्हणेल की फोन आणि नेट तर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, मग फोनमधल्या खरखरीने नेट का स्लो होईल. बरोबर आहे, बोलण्याचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये असतो, एडीएसएल (डीएसएलचा जुना, साधा प्रकार) त्याच्या बरंच वर २५ किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होऊन ११०४ किलोहर्ट्झपर्यंत जातं आणि त्याचाच वेगवान प्रकार एडीएसएल टू प्लस २२०८ किलोहर्ट्झपर्यंत. पण खराब जॉइंट काही एकाच फ्रिक्वेन्सीवर त्रास देत नाही. त्याचा रेझिस्टन्स सारखा वरखाली होतो, आणि प्रत्येक वेळी उडी मारली की जो झटका बसतो तो खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरतो, आपल्या कानाला त्यातला फक्त खालचा तुकडा ऐकू येतो. दुसरं म्हणजे फोनच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात त्या यासाठीच की बाहेरचा नॉईज दोघींवर सारखा बसावा आणि दुसऱ्या टोकाला तो वजा होऊन जावा. एका तारेत जॉइंट खराब झाला की दोघी सारख्या राहत नाहीत, मग वजाबाकी नीट होत नाही आणि सगळ्या जगाचा कचरा आत येतो. उलटं मात्र खरं नाही हे लक्षात ठेवा, फोन स्वच्छ ऐकू येतोय म्हणून डीएसएलची लाईन स्वच्छच असेल असं नाही.

ऐकून झालं की राऊटरच्या पेजवर जा, बहुतेक राऊटरमध्ये डीएसएल स्टेटस किंवा स्टॅटिस्टिक्स अशा नावाचं पान असतं. आणि हे राऊटर रिस्टार्ट करायच्या आधी बघा! रिस्टार्ट केला की बहुतेक राऊटरचे एररचे आकडे शून्य होतात आणि जो पुरावा हवा होता तोच पुसला जातो. चार आकडे लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा: सिंक स्पीड (मोडेम ज्या स्पीडवर जोडला गेलाय तो), एसएनआर मार्जिन म्हणजेच नॉईज मार्जिन, अटेन्युएशन, आणि सीआरसी एरर (लाईनवर खराब होऊन दुरुस्त न झालेल्या डेटाची मोजणी). लाईन किती वेळ सलग चालू आहे तो टाइम दिसत असेल तर तोही.

अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंत येताना सिग्नल किती कमी झाला. हे मुख्यतः अंतरावर ठरतं आणि रोज तेवढंच राहायला हवं. एडीएसएलवर ३० डीबीच्या (डेसिबलच्या) खाली असेल तर छान, ५० च्या वर गेलं की लाईन लांब आहे आणि स्पीडची मर्यादा तिथेच ठरली. पण तेच अटेन्युएशन जर मागच्या महिन्यात ३२ होतं आणि आता ४१ दाखवतंय तर तुमचं घर काही लांब सरकलेलं नाही, मधला एखादा जॉइंट बिघडलाय. म्हणून लाईन चांगली चालत असते तेव्हाचे आकडे लिहून ठेवणं फार महत्त्वाचं आहे, हे कोणीच करत नाही आणि नंतर तुलनेला काही उरत नाही.

मार्जिन म्हणजे नॉईजच्या वर तुमच्याकडे किती शिल्लक आहे. बहुतेक ठिकाणी मोडेम सिंक होताना ६ डीबी शिल्लक ठेवून स्पीड ठरवतो. मार्जिन ३ डीबीने उतरलं म्हणजे नॉईजची पॉवर दुप्पट झाली, ६ ने उतरलं म्हणजे चौपट, त्यामुळे ६ वरून २ वर आलेलं मार्जिन हा छोटा फरक नाही. शून्याच्या जवळ गेलं की लाईन तुटते.

परत परत येणाऱ्या प्रॉब्लेमचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं, म्हणून हे जरा सविस्तर. मोडेम सिंक होतो त्या वेळी तो पूर्ण बँड ४.३१२५ किलोहर्ट्झच्या छोट्या छोट्या तुकड्यांत वाटतो, प्रत्येक तुकड्यावर किती नॉईज आहे ते मोजतो आणि त्याप्रमाणे कुठल्या तुकड्यावर किती बिट टाकायचे ते ठरवतो, जास्तीत जास्त १५. हा हिशोब त्या क्षणाच्या नॉईजवर होतो. नंतर थोडीफार अदलाबदल तो करतो पण एकूण स्पीड सहसा तोच राहतो. आता समजा तुम्ही दुपारी लाईन शांत असताना राऊटर चालू केला, त्याला भरपूर स्पीड मिळाला आणि ६ डीबी शिल्लक राहिले. संध्याकाळी नॉईज वाढला, शिल्लक १ वर आली, एरर सुरू झाले, लाईन तुटली. तुटल्यावर परत सिंक झाला तो नॉईज चालू असताना, म्हणून या वेळी स्पीड कमी मिळाला. रात्री नॉईज गेला तरी स्पीड कमीचाच राहिला, फक्त मार्जिन वाढून ११ च्या आसपास झालं. सकाळी तुम्ही उठून बघता तर नेट स्लो, म्हणून रिस्टार्ट करता, लाईन शांत असते म्हणून फुल स्पीड मिळतो आणि वाटतं की राऊटरच हँग झाला होता. संध्याकाळी परत पहिल्यापासून. राऊटर बदलला तरी हे चक्र थांबत नाही कारण राऊटरचा त्यात दोषच नाही.

म्हणजे आकडे असे वाचायचे. सिंक स्पीड कमी आणि मार्जिन खूप जास्त असेल तर मोडेम नॉईजच्या वेळी सिंक झालाय किंवा कंपनीने प्रोफाइल (तुमच्या लाईनला लावलेली स्पीड आणि मार्जिनची सेटिंग) खाली बांधलंय. सिंक स्पीड नेहमीचा, मार्जिन २ च्या आसपास आणि सीआरसी भराभर वाढतायत तर नॉईज आत्ता या क्षणी चालू आहे. आणि सिंक स्पीड नेहमीचा, मार्जिन ठीक, सीआरसी जवळजवळ नाहीत, तरी स्पीड टेस्ट खाली येते, तर लाईन सोडा, तो पुढच्या नेटवर्कवरच्या गर्दीचा किंवा तुमच्या वायफायचा प्रश्न आहे. वायफाय बाजूला काढायला लॅपटॉप लॅन केबलने जोडून टेस्ट करा, त्याशिवाय केलेल्या टेस्टवर विश्वास ठेवू नका. एडीएसएलवर टेस्टचा आकडा सिंक स्पीडपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी येतो तो नॉर्मल आहे, पॅकेटच्या वेष्टनातच तेवढं जातं.

सीआरसी एररबद्दल एक गोष्ट. सिंक ८ एमबीपीएस दाखवतोय पण ब्राउझिंग कासवासारखं, असं का होतं तर प्रत्येक सीआरसी एररमध्ये डेटाचा एक तुकडा खराब होतो, त्यातली पॅकेट फेकली जातात, आणि पॅकेट हरवलं की समोरचा सर्व्हर समजतो रस्त्यात गर्दी आहे म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे लाईन न तुटता पण नेट मेल्यासारखं होतं. एफईसी नावाचा आकडा मोठा दिसला तर घाबरू नका, ते दुरुस्त झालेले एरर असतात. बघायचे ते सीआरसी, आणि एकूण आकडा नाही तर पंधरा मिनिटांत किती वाढले ते. तासाला चार-पाच वाढले तर सोडून द्या, मिनिटाला शेकड्याने वाढत असतील तर गंभीर आहे.

आता घरातलं का बाहेरचं हे वेगळं करायचं, यात आळस करू नका कारण पुढचं सगळं यावर आहे. बाहेरची लाईन घरात जिथे पहिल्यांदा येते त्या डब्यापाशी जा. घरातले बाकीचे सगळे फोन, फॅक्स, एक्स्टेंशन, अलार्मची लाईन, जे जे फोनलाईनला लागलंय ते सगळं काढा. नुसता रिसीव्हर खाली ठेवणं पुरत नाही, प्लग काढा. मग राऊटर त्या पहिल्या सॉकेटला छोट्या वायरने थेट लावा, मधे काही नको, आणि आकडे बघा. शक्य असेल तर एक अख्खा दिवस तसाच ठेवा, म्हणजे ज्या वेळी त्रास होतो ती वेळ त्यात येईल. नॉईज गेला तर दोष घरात, तसाच राहिला तर बाहेर. खरखरीची ऐकायची टेस्टही तिथेच परत करा.

एक सावधगिरी. फोनच्या तारेवर साधारण ४८ व्होल्ट डीसी कायम असतात आणि रिंग वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येतं, उघड्या तारा हातात असताना फोन आला तर चांगला झटका बसतो. आणि विजा चमकत असतील तर त्या डब्याला अजिबात हात लावू नका, काम उद्यावर टाका.

घरातला दोष निघाला तर एकेक वस्तू परत लावत जा, प्रत्येकीनंतर ऐका आणि मार्जिन बघा. सगळ्यात जास्त सापडतो तो फिल्टर. नियम साधा आहे, प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर किंवा मग सुरुवातीलाच एक स्प्लिटर (फोन आणि नेट दोन वेगळ्या भोकांत वाटणारा डबा) आणि राऊटर त्याच्या डीएसएलच्या भोकात. फोन उचलला किंवा रिंग वाजली की नेट तुटतं, हे लक्षण असेल तर कुठल्यातरी फोनला फिल्टर राहिलाय असं आधी समजा. फिल्टर खराबही होतात, त्यामुळे लावलाय म्हणून तो चांगला आहे असं धरू नका, बदलून बघा. माझं मत विचाराल तर दहा ठिकाणी छोटे फिल्टर लावण्यापेक्षा पहिल्या डब्यापाशी एक चांगला स्प्लिटर लावणं केव्हाही बरं, कारण प्रत्येक फिल्टर लाईनवर थोडा भार टाकतोच.

दुसरा दोषी म्हणजे वायर. फोनबरोबर येते ती चपटी वायर पिळलेली नसते, ती लांब असेल तर अँटेनासारखी नॉईज ओढते. राऊटर लांब ठेवायचाच असेल तर लॅनच्या केबलमधली एक पिळलेली जोडी वापरा, आणि तिला विजेच्या वायरबरोबर बांधून नेऊ नका. तिसरं म्हणजे जुनी एक्स्टेंशन, ज्या खोलीत आता फोनच नाही पण वायर भिंतीत अजून जोडलेली आहे. त्या लोंबत्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि मूळ सिग्नलला काही फ्रिक्वेन्सीवर खाऊन टाकतो. वायर साधारण ५० मीटरची असेल तर १ मेगाहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, १० मीटरची असेल तर ५ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणून खोलीतली छोटी एक्स्टेंशन एडीएसएलला फारशी जाणवत नाही पण व्हीडीएसएल (डीएसएलचा जास्त स्पीडचा प्रकार) घेतलं की तीच वायर त्रास द्यायला लागते, व्हीडीएसएल टू च्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये बँड १७ मेगाहर्ट्झच्याही वर जातो. जी वापरात नाही ती वायर पहिल्या डब्यातून सोडवून टाका.

आणि फोन स्वच्छ, वायरिंग स्वच्छ, तरी रोज ठराविक वेळी मार्जिन पडतं, तर एखादं विजेवरचं उपकरण नॉईज फेकतंय. बिघडलेला अॅडॉप्टर, जुना सेट टॉप बॉक्स, एलईडी दिव्याचा स्वस्तातला ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट), दिव्याचा डिमर, हे नेहमीचे संशयित. शोधायला मीडियम वेव्हचा सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या, ६०० किलोहर्ट्झच्या आसपास जिथे स्टेशन नाही तिथे लावा, आणि घरभर फिरवा. एडीएसएलचा बँड आणि मीडियम वेव्ह एकमेकांवर येतात त्यामुळे जे नेटला त्रास देतं ते या रेडिओत घरघर करतं, जवळ गेलं की आवाज वाढतो, आणि त्याचा प्लग काढल्यावर एकदम थांबतो. फार समाधान देणारी टेस्ट आहे ही. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाईन अॅडॉप्टर असतील तर व्हीडीएसएलसाठी तेही बंद करून बघा. संध्याकाळनंतर मार्जिन फक्त एक-दोन डीबी उतरत असेल तर मात्र घरात शोधून सहसा उपयोग नाही, अंधार पडल्यावर लांबची मीडियम वेव्ह स्टेशन वातावरणातून परावर्तित होऊन जास्त जोरात येतात, एवढा फरक त्यानेही पडतो.

दोष बाहेर असेल तर दुरुस्ती लाईनमनच करणार, पण ती नीट व्हावी यासाठी तुम्हाला बरंच करता येतं. गंजलेल्या जॉइंटचा स्वभाव असा असतो की त्यातून करंट गेला की तो थोडा वेळ सुधारतो. म्हणजे फोन केला, किंवा रिंग वाजली, किंवा लाईनमनने टेस्टर लावला, की गंजाचा थर तात्पुरता भेदला जातो आणि लाईन एकदम स्वच्छ दिसते, तो टेस्ट ओके लिहून जातो आणि थोड्या दिवसांनी परत खरखर. यात लाईनमनचा खोटेपणा नाही, दोषच असा आहे. ज्यांनी नुसतं नेट घेतलंय आणि फोन कधी वापरतच नाहीत त्यांच्या लाईनमधून तर करंटही क्वचित जातो, तिथे जॉइंट लवकर गंजतात.

म्हणून तक्रार करताना नेट स्लो आहे एवढंच सांगू नका, त्यावर राऊटर रिस्टार्ट करा हेच उत्तर मिळतं. फोनवर बोलताना खरखर येते, पाऊस पडला की वाढते, किंवा कडक ऊन पडलं की वाढते, रिंग वाजली की नेट तुटतं, सगळं काढून पहिल्या सॉकेटवर टेस्ट केली तरी तेच आहे, असं सांगा. आवाजातल्या दोषाची तक्रार लाईनवर काम करणाऱ्या माणसाकडे जाते, स्पीडची तक्रार बऱ्याचदा कॉम्प्युटरवर प्रोफाइल बदलून बंद होते. पावसाने वाढत असेल तर पाणी शिरलंय, उन्हात वाढत असेल तर जॉइंट तापून सैल होतोय, हा फरक त्याला सांगितलात तर त्याचा निम्मा वेळ वाचतो. तारीख, वेळ, मार्जिन, सीआरसी असा चार ओळींचा कागद त्याच्या हातात द्या, आणि खरखर चालू असताना फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा.

तो आला की त्याला विनंती करा की नुसतं टेप गुंडाळू नका, घराबाहेरचा आणि खांबावरच्या डब्यातला जॉइंट कापून नवा करा, आणि आतमध्ये जेल असलेला कनेक्टर वापरा, त्यात पाणी जात नाही. पिळून टेप लावलेला जॉइंट पहिल्या पावसापर्यंतच टिकतो. आवाज जमिनीखालच्या केबलमधून येत असेल तर त्याच केबलमधली दुसरी पेअर (तारांची जोडी) मागा, एकच पेअर पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

प्रोफाइलबद्दल पण बोलून ठेवा. काही कंपन्यांची सिस्टिम लाईन सारखी तुटतेय हे बघून आपोआप मार्जिन ६ वरून ९ किंवा १२ वर नेते आणि इंटरलीव्हिंग वाढवते, म्हणजे डेटा पसरवून पाठवते, त्याने एरर सुधारता येतात पण पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतो. हे तात्पुरतं ठीक, पण त्या सिस्टिमला तुमचे रिस्टार्टही लाईन तुटल्यासारखेच दिसू शकतात, म्हणून दिवसातून चारदा राऊटर बंद-चालू करणं आजच सोडा. जॉइंट नवा झाल्यावर जुनं प्रोफाइल तसंच राहिलं तर खरखर गेलेली असूनही स्पीड वाढत नाही आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. दोन-तीन दिवस लाईन न तुटता चालू द्या, संध्याकाळची वेळही त्यात जाऊ द्या, आणि मार्जिन स्थिर दिसलं की मग कंपनीला फोन करून प्रोफाइल पूर्वीचं करायला सांगा. त्या दिवशीचे नवीन आकडे लिहून राऊटरच्या मागे चिकटवून ठेवा, अटेन्युएशन सकट.